गैरहजर सरदार

राजाचे तपासनीस चर्चमध्ये बसले होते. बाहेर तक्रारदारांच्या रांगेत माझ्यापुढे विधवा गेरलिंड आणि म्हातारा रागनफ्रीद उभे होते.

“काका, यंदा तपासायला कोण आलंय?”

“एक बिशप, आणि आपल्या परगण्याचे सरदार.”

“आपले? अहो, माझी तक्रार त्यांच्यावरच आहे. माझा बैल नेलाय त्यांनी.”

“मग सांग की. आज ते सरदार नाहीत, तपासनीस आहेत. राजानंच नेमलंय, सलग दुसऱ्या वर्षी.”

“ऐकून तरी घेतील का?”

“फार मन लावून ऐकतात. गेल्या वर्षी मी माझ्या कुरणाचं सांगितलं, तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, असा सरदार या राज्यात आहे, याची लाज वाटते. बिशपांनी धीर दिला त्यांना.”

“अगबाई. मग?”

“तिथल्या तिथं हुकूम सोडला. सरदारानं तीन दिवसांत इथं येऊन जबाब द्यावा.”

“दिला?”

“कुठला. तीन दिवस तपासनीस दाराकडे डोळे लावून बसले. सरदार काही फिरकले नाहीत.”

“काय बाई गुर्मी.”

“तेच म्हणाले ते. चिडून कुरणच जप्त केलं सरदारांकडून.”

“म्हणजे तुम्हाला परत मिळालं?”

“निकाल लागेपर्यंत राजाच्या नावानं राखायचं असतं. तपासनिसांकडे दिलंय.”

“मग माझा बैल तिथंच चरत असेल.”

“चरतोय. चांगला अंगानं भरलाय. चल, पुढं सरक, तुझा नंबर आला.”