रशियाला पाठवलेले चाळ

टीव्ही दावून कुणाला शहाणं करायला जाऊ नका, राव. माझ्या अंगाशी आलंय.

नारायणगावला मी तमाशाच्या फडाचा मॅनेजर व्हतो. संध्याकाळी ओतूरच्या जत्रंत खेळ, आन् आमची मुख्य नाचणारीण मंदाबाई सुजलेला घोटा धरून बसली.

“तात्या, घुंगराच्या चाळांचं एवढं वझं बांधून आज नाय नाचायची.”

तिच्याशिवाय खेळ लावला असता तर लोकांनी तंबू उपटला असता. तेवढ्यात टीव्हीवर रशियातली नाचाची शाळा लागली. पोरी अंगठ्यावर उभ्या, बोटांतनं रगत, आन् मास्तरीण पोटाला छडी टोचून वराडतीया.

मी म्हणलं, “बघ! रगत आलं तरी तक्रार हाय का?”

मंदाबाई टक लावून बघत राह्यली. मग म्हणली, “यांच्या पायात चाळ कुठंयत?”

“त्यांच्यात नसत्यात.”

“मग नाचते. रशियावाणी.”

ओतूरला बाई खरंच मोकळ्या पायानं उभी राह्यली. ढोलकी कडाडली, पण पायाचा आवाजच न्हाई. पब्लिक वराडलं, “ओ बाई, चाळ कुठंयत?”

तिनं पडद्याआड लपलेल्या माझ्याकडं बोट केलं. “तात्यास्नी इचारा. त्यांनी रशियाला पाठवल्यात!”