पिंपाशी आलेली आरोळी

फियोर्डच्या धक्क्यावर तुरिड फेरीची वाट पाहत होती. तिच्या मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा भाचा बोलत होते.

“शनिवारी बाबांचं दफन आहे, आत्या. सगळं गाव आपल्या घरची बिअर प्यायला येणार, आणि तिला ओल्या मातीची चव लागतेय.”

“पिंप नीट धुतलं नसशील.”

“जुनिपरच्या डहाळ्या उकळून त्या पाण्याने दोनदा धुतलं. नळीसुद्धा नवी आणली.”

“झाकण?”

“तेही उकळलं. मी आळशी आहे, घाणेरडा नाही.”

“यीस्ट कुठलं?”

“आपलंच. बाबांनी वाळवून ठेवलेलं.”

“आणि ते घालताना ओरडलास ना?”

“तळघरात एकट्यानेच बोंबलायला मी काय वेडा आहे?”

“तुझे आजोबा ओरडायचे, बाप ओरडायचा. आरोळी दिल्याशिवाय आपल्याकडे कुणी यीस्ट घातलेलं नाही, तोर्लेइव. घरच्या माणसाच्या आवाजाने भलतंसलतं पिंपापासून लांब राहतं.”

“आरोळी झाली, आत्या.”

“आत्ता तर नाही म्हणालास.”

“मी नाही दिली. पिंपावर वाकलो होतो, तेव्हा अगदी कानाशी आली.”

“बाप कुठे होता तुझा?”

“वरच्या खोलीत, पेटीत. झाकण तूच लावलंस.”

“मग घाबरतोस कशाला? जाता जाता त्याने घराची रीत पाळली.”

“बाबांचा आवाज मी ओळखतो. तो त्यांचा नव्हता.”

फेरी धक्क्याला लागली. तुरिड उठली.

“बिअर ओतून टाक,” म्हातारी म्हणाली. “आणि पिंप धुवत बसू नकोस. जाळून टाक.”