निळ्या शर्टावरचा डाग

—अहो, दिसतोय मला डाग, आंधळी नाही मी! इस्त्रीचाच आहे, टोकासकट उमटलाय. मी नाही लावला – या टेबलामागे केस पिकले माझे, रुमालालासुद्धा कधी चटका बसू दिला नाही. सुनेच्या हातून झालं. बोलवू? ती नाही आज. माहेरी गेलीय, आरामाला. मीटिंगला हाच शर्ट हवा होता – कळलं हो, तीनदा सांगून झालं तुमचं! आता माझं ऐका. या, आत या. इथे, ती उभी राहायची तिथेच उभे राहा. त्या खिडकीपाशी हात धरा – धरा की! भाजलं ना? ऊन नाही ते. तुमच्या एसीचा बाहेरचा डबा आहे. तुम्ही राहता वर आणि डबा ठोकलाय आमच्या खिडकीसमोर, का तर दुरुस्तीला सोपा पडतो! दिवसभर गरम फुंकतोय आमच्या तोंडावर. खिडकी लावली तर घुसमट, उघडली तर भट्टी, आणि लाइट गेली की तुमच्या जनरेटरचा धूर. त्यात हल्लीचा उन्हाळा! जायचं नावच नाही, त्यापेक्षा जावई बरा, चार दिवस राहून जातो तरी.

सुनेला सातवा लागलेला. मी म्हटलं बस जरा – बसेल तर शपथ! म्हणे, आई, एवढा निळा शर्ट करते, वरच्या साहेबांना लागणार आहे. तुमचाच! शर्टाच्या पाठीवर इस्त्री फिरवता फिरवता तिला भोवळ आली. हातात तापलेली इस्त्री, पुढ्यात पोट. पडताना माणसाच्या हातातलं सुटतं की नाही? सुटतंच. तिने नाही सोडली. पोटापासून लांब धरली, तुमच्या शर्टावर दाबून धरली, आणि मग खाली बसली. म्हणून हा डाग. शर्ट जळाला तर जळू दे, एवढं तिला कळलं, आणि तुम्ही मला डाग दाखवताय!

कुठलं माहेर? मी म्हणाले? म्हणाले असेन. दवाखान्यात आहे ती. त्याच संध्याकाळी कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या उष्म्याने, धुराने यंदा कितीतरी जणी अशाच येताहेत, दिवस भरायच्या आधीच. मुठीएवढी पोर हो. काचेच्या पेटीत ठेवली, ऊब द्यायला. ऊब! ऐकलंत? आमच्याकडे उबेला तोटा होता का? काल बघायला गेले, तर त्या पेटीत दुसऱ्याच कुणाचं बाळ. आमची गेली होती.

नको, पाणी नको मला. बसायचंही नाही. काय म्हणालात? हो, वहिनींनाही दिवस गेलेत, माहितीय – त्यांचे सैल गाऊन मीच करते ना. त्यांच्यासाठीच एसी घेतलात. चांगलं केलंत, माझ्या मुलाला परवडला असता तर त्यानेही घेतला असता. पण त्यांच्या खोलीतली गरमी काढून टाकली कुठे, हे एकदा, फक्त एकदा खाली वाकून बघायचं होतं! डबा गच्चीवर ठेवायचा, नळी जरा लांब घ्यायची. एवढंच होतं हो. एवढंच.

शर्ट सोडा. सोडा म्हणते ना, माझ्या नातीसाठी जळलाय तो, आता तुमचा नाही, इथेच राहील.

जा. आणि हे बघा – वहिनींना यातलं अक्षर सांगू नका. या दिवसांत फार मनाला लागतं. जा म्हटलं ना!