बाहेरची मदत

मी बबन, आमी मूळचे मेंढरामागचे लोक. बाप राजुरीकडच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचा आन तिथनं पुढं निघायचा, मी त्याच्या मागं, म्हंजी पळायचं मला मेंढरांनीच शिकवलं. पुढं मेंढरं गेली, पारगावात मोटारी भरायचं दुकान टाकलं. इहिरीवरच्या मोटारी जळत्यात ना, त्यांच्या तारा परत भरून द्यायच्या, हा आपला धंदा. पण मोटार वर काढायला बुडी मारून तळाला दोर बांधावा लागतो, त्यामुळं पाण्याचं भ्याव कधी वाटलं न्हाई. आता पंचेचाळीशीत हाये, तरी उतरतो.

मंचरचे एक डॉक्टर हायेत, त्यांच्या शेतातली मोटार काढताना त्यांनी मला बुडी मारताना बघितलं, तवा म्हणाले, बबनराव, तुमी ट्रायथलॉन करा. म्हणलं ती काय भानगड. तर म्हणं आधी पोहायचं, तसंच वल्ल्या अंगानं सायकल चालवायची, आन उतरलं की पळायचं, मधी बसायचं न्हाई. म्हणलं डॉक्टर, सायकल सोडली तर हे आमचं रोजचंच हाये. हसले, आन त्यांची जुनी गेरची सायकल देऊन टाकली.

आता आमच्याकडं पहाटे पळायची सोय न्हाई, उसातनं बिबट्या कवा निघंल सांगता येत न्हाई. संगीता, माझी बायको, म्हणली, एकटं जायचं न्हाई, मी येते मागनं. ती आधी गोठा उरकायची, धारा काढायची, उजाडलं की स्कूटी काढून माझ्या मागं. दोन वरसं, राव, दोन वरसं. मोबाइलवर टाइम लावायची आन मागनं वरडायची, अवं, काल यापेक्षा बरं पळत व्हता. मी इहिरीत फेऱ्या मारायचो तर ही काठावर बसून मोजायची. चौकातली माणसं हसायची, बायको नवऱ्याला हाकत निघाली म्हणायची. ती त्यांच्याकडं बघायची सुदिक न्हाई. मलाच लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

मंग ती रेस आली, लांब एका धरणावर. मी सायकल घेऊन आदल्या दिवशीच गेलो, संगीता गोठा उरकून सकाळी स्कूटीवर येणार व्हती. संध्याकाळी एका हॉलमधी नियम सांगितले, आन काय सांगू तुमाला, सगळं इंग्रजीत. एक बाई पडद्यावर चित्रं दाखवतीया, हे चालंल, हे न्हाई चालणार, माणसं माना हलवत्यात, मीबी हलवली. आउटसाइड असिस्टन्स का काय ते शंभरदा म्हणली. मला वाटलं, कुणाच्या गाडीवर बसून जायचं न्हाई, असं असंल. इचारायला पायजे व्हतं. पण एवढ्या माणसात उठून इचारायचं कसं, म्हणून गप बसलो.

सकाळी पाण्यातनं लई पुढं निघालो. सायकलवर थोडे गेले माझ्या पुढं. पळायला लागलो आन तिसऱ्या किलोमीटरला बुटाचा तळ निघाला, चिकटवून आणलेला, पार लोंबायला लागला. काढून टाकले दोन्ही बूट, पळालो तसाच अनवाणी. डांबर असं तापलेलं, पायाला फोड आले, पण थांबलो न्हाई. तेवढ्यात वळणावर संगीता दिसली, स्कूटी लावून हुभी. तिनं माझे पाय बघितले. डिकीतनं माझे सरावाचे जुने बूट काढले आन पुढं टाकले. घातले आन पळालो. मागनं मोटारसायकलवर रेसचा एक साहेब आला, कागदावर काय तरी लिहिलं, गेला.

माझ्या वयाच्या लोकांत मी दुसरा आलो व्हतो. दुसरा! बोर्डावर नाव बघतोय तर नावापुढं दोन इंग्रजी अक्षरं. तिथल्या पोरीला इचारलं, तर म्हणली, काका, तुमी बाद. म्हणलं का? बाहेरची मदत घेतली. म्हणलं कोन बाहेरची, बायको हाये माझी. तर तो मोटारसायकलवाला साहेब तिथंच व्हता, म्हणतो, बायको असली तरी बाहेरचीच. म्हणलं माझ्या म्होरं एकाला मैतरानं कारच्या काचंतनं बाटली दिली, ती तुमाला न्हाई दिसली? तर म्हणं, आमी बघितलं तेवढंच लिहितो. असं तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आन ती आग कुणावर काढली? साहेबावर न्हाई. तिच्यावर. तीनेकशे माणसांसमोर वरडलो, तुला कुणी सांगितला व्हता शहाणपणा, माझी दोन वरसं मातीत घातलीस. माणसं बघाया लागली. तिनं मी काढलेले बूट ठेवले पिशवीत, स्कूटी चालू केली. परत येताना ती पुढं आन मी सायकलवर मागं, आन थोड्या वेळानं दिसायचीबी बंद झाली.

तीन दिवस नुसतं जेवायला वाढलं. चौथ्या दिवशी म्हणली, दोन वरसं मागनं स्कूटी चालवली तवा मी बाहेरची न्हवते, आन पायाचे फोड बघून बूट दिले तर मी बाहेरची व्हय? तो साहेब म्हणला ते म्हणला, पण तुमीबी वरडून मला बाहेरचीच केली? तवापासनं ती माझ्या मागं येत न्हाई. स्कूटी दूध घालायला चालवती.

अवंदा परत गेलो. तसाच हॉल, तीच इंग्रजी. हुभा राह्यलो, म्हणलं बाई, मराठीत सांगा. म्हणली टाइम न्हाई. म्हणलं मंग मी बसत न्हाई. मागनं एक पोलीस हुभा राह्यला, एक शाळामास्तर, आन आणखी पाचसात जण. तवा सांगितलं मराठीत. सगळं धरून दहा मिनटं लागली. दहा मिनटासाठी त्यांनी मला बाद केलं व्हतं! रेस पुरी केली मी, पाचवा आलो. पण वळणावर कुणी न्हवतं.

राग गेला का म्हणता? न्हाई गेला. त्या साहेबावरचा गेला असंल थोडा, माझ्यावरचा न्हाई. घरात माफी मागितली मी. तर म्हणली, वरडला व्हता चारचौघात, माफी मातूर सैपाकघरात. खरं हाये तिचं. म्हणून पावणं, तुमी लिहिताय ना, तर लिहा, संगीताचं काय चुकलं न्हवतं, चूक बबनची व्हती. तिचं नाव ठळक लिहा. छापून आलं की चौकात हुभा राहून मीच मोठ्यानं वाचीन, मंग हसू देत कुणाला हसायचं ते.