बिनजोडीचे बूट

लिमातल्या चिनी वस्तीत, कापोन गल्लीच्या देवळात मी उदबत्ती लावायला रांगेत होतो. पुढे एल्विराबाई चियोंग यांनी देवळाच्या नव्या सेक्रेटरीला धारेवर धरलं होतं.

"क्वान यिन देवीआईच्या पायाशी तान्ह्या बाळांचे बूट होते, ते कुठे गेले?"

"कचऱ्यात. सगळे एकेकच होते, एकाचीही जोडी लागेना."

"लागेल कशी? मूल होत नाही ती बाई जोडीतला एक बूट उशाशी ठेवायला नेते. मूल झालं की तो परत आणते, वर नवा जोड वाहते. एवढंही ठाऊक नाही, आणि म्हणे सेक्रेटरी!"

"मावशी, आता बायका दवाखान्यात जातात. बुटांना कोण विचारतंय?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दुसरा बूट अजून कुणाच्या तरी उशाखाली आहे!"

"त्यात काय एवढं? नवे आणून ठेवू."

माझ्यामागची तरुण बाई पुढे झाली. तिने पिशवीतून एक विटका बूट आणि एक कोरा जोड काढला.

"मीही दवाखान्यात गेले होते. चार वर्षं. बाळ बाहेर आजीपाशी आहे. तुमची कचऱ्याची टोपली कुठे आहे ते दाखवा, हे तिथेच वाहते."