एका वर्षातली दोन लग्नं

सकाळी आठला फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या नगरपालिकेची खिडकी उघडली, तेव्हा विवाह-परवान्याच्या रांगेत फेलिसा तिसरी होती. तिच्या पुढे वीस वर्षांची एक मुलगी आणि तिची मावशी. मुलीला एकवीस पूर्ण नव्हती आणि आई-वडील नसल्याने संमतीची सही मावशीचीच लागणार होती.

“रोसेंडा, याच जानेवारीत तुझी बहीण उजवली. एका वर्षात दोघी बहिणींची लग्नं झाली, की एकीचं सुख दुसरी खाते,” मावशी म्हणाली.

“आणि लोलिंगआजी? तिचंही लग्न बहिणीच्याच वर्षी झालं ना? साठ वर्षं संसार केला!”

“ती चर्चच्या मागच्या दारानं आत गेली होती, म्हणून टिकला.”

“आपली एदना तर बहिणीच्या लग्नानंतर वर्षभर थांबली. तरी नवरा पळालाच.”

“तो मुळातच पळपुटा.”

“धन्य आहेस! मग काय घडलं म्हणजे तू चुकलीस असं म्हणशील?”

“मी? मी कशाला चुकेन?”

फेलिसाने हसू दाबले.

“आणि शहाणे, तुझा रामिल गुणी, हे कशावरून?”

“तीन वर्षं पारखलाय. एकदा जरी खोटं बोलताना सापडला, तर लग्न मीच मोडीन.”

मावशीने संमतीचा कागद पुढे ओढला.

“खरंच मोडशील?”

“खरंच.”

“पेन दे.”

तिने सावकाश सही केली आणि कागद खिडकीतून आत सरकवला.