वरच्या ओळीतलं बटण

शेवटचं म्हणाल तर आम्ही दोघं कोथिंबीर निवडत बसलो होतो, हितं कॅनडात, किचनर गावात, पोराच्या घरी, आणि आमची मालकीण, शालन, मला लॅपटॉपची बटणं शिकवत होती. काड्या पेपरवर, पानं भांड्यात, आणि मधेच ओल्या बोटानं दाखवायची, अवो, वरच्या ओळीत बघा, हे भोंग्याचं चित्र हाय न्हवं, ह्यानं आवाज वाढतोय. लायब्ररीत जाऊन शिकली होती ती. मी चौथी नापास, इचलकरंजीत तीस वर्षं मागाची दुरुस्ती केलेला माणूस, मी म्हणालो, तू हायस की, मला कशाला. तुम्ही लिहून घेताय न्हवं, मग हे असंच लिहा.

दोन दिवसांनी तिला दम लागला, अॅडमिट केली. मला खोकला, म्हणून वॉर्डात घेईनात. नर्सनं तिच्या अंगावरचं सगळं उतरवून पोराकडं दिलं, कानातल्या कुड्यासुद्धा, त्या मी डबीत ठेवल्या. संध्याकाळी सुनेनं लॅपटॉपवर शालनला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि शिफ्टला गेली. शालनच्या तोंडाला ऑक्सिजन, बोलवत न्हवतं, नुसता श्वास, तोही बारीक. तो तरी ऐकावा म्हणून मी भोंगा शोधत त्या ओळीत दाबत गेलो. आवाज वाढला. वाटलं, जमलं.

मग बोललो. काय सांगू तुम्हाला, बेचाळीस वर्षांत बोललो न्हवतो तेवढं बोललो. तिला गावाकडं परत जायचं होतं, मीच पोरापायी आडून बसलेलो. म्हणालो, चुकलं माझं शालन, बरी हो, थंडीच्या आत जाऊ, आपल्या घरात राहू. ती नुसती कानाला बोट लावायची, परत परत. मला वाटलं, कुड्या इचारतीया. मी डबी उघडून कॅमेऱ्यापुढं धरली, ह्या बघ, जपून ठेवल्यात. तिनं मान हलवली, डोळं मिटलं. पहाटे गेली.

सकाळी पोरानं गावाकडं मेव्हण्याला लावलं, सांगायला. आम्ही बोलतोय आणि मेव्हणा पडद्यावर कानाला बोट लावतोय. तसंच बोट. पोरगा म्हणाला, तात्या, माइक म्यूट आहे, बटणावर दिवा लागलाय बघा, कोणी दाबलं? मागावर एक दोरा तुटला तर अख्खा माग थांबतो हो. हे यंत्र चालूच ऱ्हातं. माणूस बोलतच ऱ्हातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला लॅपटॉप घेऊन पुढ्यात बसवला. म्हणालो, एकेक बटण सांग. तात्या, नॉट टुडे, म्हणाला. म्हणालो, सांग. मग सांगत गेला. कंट्रोल, आल्ट, एफएन, ही एकटी काही करत न्हाईत, दुसऱ्यासंगं दाबायची. कॅप्स लॉकनं अक्षरं मोठी होतात. विमानाच्या चित्रानं इंटरनेट तुटतं. माइकच्या बटणापाशी तो थांबला. म्हणालो, ते कळलं मला, पुढचं सांग. ओळ संपली तशी उठलो, अंघोळ केली आणि तिला शेवटचं पोचवायला गेलो.